हर्सूलच्या मामाचा आहेर

सुदर्शन शेजूळला दोन प्रकारच्या माणसांचा भयंकर राग येई. एक, त्याच्याकडे पैसे मागायला येणारी. आणि दुसरी, त्याच्याकडून पैसे घ्यायला नकार देणारी. वैताग असा, की बहुतेक वेळा दोन्ही माणसं एकच असत.

गणपतीच्या वर्गणीचंच घ्या. हर्सूलच्या त्याच्या गल्लीत मंडळाची पोरं दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन फिरत. डावीकडच्या घरी थांबत, उजवीकडच्या घरी थांबत, आणि मधल्या सुदर्शनच्या दारावरून अशी जात, जणू तिथं घर नाहीच, रिकामा प्लॉट आहे. एका वर्षी त्यानं आपली चाकाची खुर्ची उंबऱ्यापर्यंत रेटली आणि हाका मारून त्यांना परत बोलावलं. पोरं ओशाळली. राहू द्या ना काका, तुमच्याकडून कुठं घ्यायचं, असं त्यातला एक पुटपुटला. माझ्या घराला गणपती वर्ज्य आहे का, असं सुदर्शननं विचारलं तेव्हा कुठं पावती फाटली. तीही शेजाऱ्यांच्या निम्म्या रकमेची. उरलेली निम्मी त्यानं आरतीच्या ताटात टाकली आणि घरी येऊन बायकोपाशी, प्रेरणापाशी, झोपेपर्यंत चडफडत बसला.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्याच्या छपरावर वायर ओढताना पायाखालचा पत्रा मोडला आणि तो खाली आला. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. भरपाईचे जे पैसे मिळाले ते त्यानं बँकेत ठेव म्हणून टाकले आणि त्याच दिवसापासून नातलगांना त्याची आठवण येऊ लागली. कुणाला बोअर घ्यायचा होता, कुणाला प्लॉटचा इसार द्यायचा होता. चुलतभाऊ साहेबराव ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी आला तेव्हा चहाचा घोट घेत म्हणाला, तुला काय खर्च आहे रे, तू तर बसूनच असतो.

बसून असण्याला किती खर्च येतो हे साहेबरावाला कोण सांगणार? बसायला हवेची गादी लागते, ती फुटते. लघवीची नळी लागते, ती बदलावी लागते. धडधाकट माणूस जिथं शेअर रिक्षात अंग चोरून जातो, तिथं सुदर्शनला अख्खी रिक्षा करावी लागे, आणि वर रिक्षावाला खुर्चीकडं बघून म्हणे, "कुर्सी का अलग लगेगा, भैया." पायांनी चालणाऱ्यापेक्षा चाकांनी चालणाऱ्याचं जगणं महाग असतं. पण जगाचं म्हणणं उलटंच होतं.

तरीही घर त्यानं नेटकं ठेवलं होतं. आयटीआयचं शिक्षण वाया गेलं नव्हतं. पुढच्या खोलीत बसून तो पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करी. हात पक्का होता, त्यामुळं उन्हाळ्यात दारात जळक्या पंख्यांची रांग लागे. प्रेरणा औरंगपुऱ्यातल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला होती. महिन्याच्या सुरुवातीला दोघांची कमाई स्टीलच्या डब्यात येई आणि तिथून पाकिटांत विभागली जाई: किराणा, मुलीची फी, औषधं, लाइट बिल. पाकिटं सुदर्शनच्या ताब्यात असत. एका पाकिटातून दुसऱ्यात नोट हलली की दोघांचं कडाक्याचं भांडण होई. सुदर्शनला ते भांडण मनापासून आवडे, कारण पैशावरून त्याच्याशी बरोबरीनं भांडणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. बाहेर तर किराणा दुकानदार नोट त्याच्या हातातून घेई आणि सुट्टे पैसे प्रेरणाच्या हातात देई.

पण या सगळ्यांवर कडी केली होती ती त्याच्या सख्ख्या बहिणीनं.

वच्छलाक्का त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. कन्नडजवळच्या गावात दिलेली. कडूबा दाजींची अद्रक आणि गहू, मक्याची शेती. दर भाऊबिजेला ती एसटीनं हर्सूलला येई, भावाला ओवाळी आणि ताटात पडलेली ओवाळणी डोळ्यांना लावून कमरेला खोची. आणि उन्हाळ्यात गव्हाचं पोतं पाठवी, त्या गव्हात तीच ओवाळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत येई.

तो पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तर कुणाला पत्ताच नव्हता. प्रेरणानं पोत्यातला गहू तसाच डब्यात भरून गिरणीत नेला आणि नोटांची पिशवी थेट जात्याच्या तोंडापर्यंत गेली. गिरणीवाल्यानं झडप घालून पट्टा बंद केला म्हणून वाचली, नाहीतर त्या आठवड्यात शेजूळांनी ओवाळणीच्या पोळ्या खाल्ल्या असत्या. पुढच्या दिवाळीला सुदर्शननं चिडून तेच पैसे आणखी भर घालून ताटात टाकले. तेही उन्हाळ्यात त्या भरीसकट परत आले. त्या नोटा भावापेक्षा जास्त प्रवास करत होत्या. फोनवर भांडावं तर अक्का म्हणे, मला कमी हाय का काही, तू तुहं बघ. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली होती. फरक इतकाच, की भीक त्यानं मागितलेलीच नव्हती.

अशात सायलीचं लग्न ठरलं. सायली अक्काची मुलगी, सुदर्शनची एकुलती एक भाची.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मुलगी लग्नाला उभी राहते ती मामानं दिलेल्या पिवळ्या साडीत. शिवाय बहिणीला साडी आणि दाजींना पूर्ण पोशाख, हा माहेरचा आहेर. आणि त्या भागात आहेर गुपचूप देत नाहीत. मांडवात माइकवर पुकारतात. कुणी काय दिलं ते अख्ख्या गावाला ऐकू जातं. कुणाला ही रीत आवडो न आवडो, भोंग्यावर ज्याचं नाव येतं तो देणारा माणूस असतो. आणि सुदर्शनला पुन्हा एकदा देणारा माणूस व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

सायली दहावी झाली तेव्हाच डब्यात तिच्या नावाचं पाकीट पडलं होतं. त्यात दर महिन्याला काहीतरी जाई. दोनदा औषधांना कमी पडलं, तरी सुदर्शननं त्या पाकिटाला हात लावू दिला नाही. त्याऐवजी फुटलेल्या गादीला ठिगळ लावून दिवस काढले. लग्नाआधी प्रेरणाच्या दुकानातूनच साड्या घ्यायच्या ठरल्या. दुकानाला पायऱ्या, खुर्ची वर चढेना. मग सुदर्शन औरंगपुऱ्याच्या त्या गर्दीत पायरीशी बसला आणि प्रेरणा एकेक साडी बाहेर आणून उलगडत राहिली. मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते. मालकानं त्याच्याकडं बघून हळवा आवाज काढला आणि भाव उतरवू लागला, तेव्हा सुदर्शननं ती दयेची सूट साफ नाकारली. दुकानात काम करणाऱ्यांना मिळते ती सूट मात्र हट्टानं मागून घेतली. जरीच्या काठाची पिवळी साडी, अक्काला जांभळी, दाजींना धोतर, शर्टाचं कापड आणि फेटा. पाकीट रिकामं झालं आणि त्याला फार दिवसांनी छाती भरल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. तू फक्त ये, बाकी कशाचं टेन्शन घेऊ नको, असं ती दोनतीनदा म्हणाली. सुदर्शन म्हणाला, मी मामा आहे, मामासारखाच येणार. ती हसली. त्या हसण्याचा अर्थ त्याला तेव्हा कळायला हवा होता.

लग्नाच्या दिवशी ओळखीची गाडी ठरवली. सुदर्शननं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण लग्नघरी त्याला जमेल असा संडास असणार नाही हे त्याला ठाऊक होतं. अशा प्रसंगाचा उपास तो नेहमीच करी. वेरूळपाशी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला आणि तिथंच उशीर झाला. घशाला कोरड पडलेली, मागं लेक झोपलेली, प्रेरणाच्या मांडीवर आहेराची पिशवी. गाव जवळ आलं तसा भोंग्याचा आवाज येऊ लागला. आहेर चालू झाला होता. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"मुलीचे मामा, हर्सूलचे सुदर्शन शेजूळ यांच्याकडून मुलीला पिवळी साडी, मुलीच्या आईला पैठणी, वडिलांना पूर्ण पोशाख."

प्रेरणानं मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. आपण अजून फाट्यावरच आहोत आणि आपला आहेर पोचलाही, असा चमत्कार सुदर्शनच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता. त्याची कानशिलं तापली. त्याला सगळं कळलं होतं.

मांडवात शिरताच चार पोरांनी न विचारता खुर्ची उचलली आणि थेट स्टेजसमोर, कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवली. नवरदेवाआधी मामाचीच वरात निघाली. बायका चुकचुकल्या. एका म्हातारीनं त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला, ज्याची त्याला जाणीवही नव्हती. मग गर्दीतून अक्का आली, घामेजलेली, कुंकू विस्कटलेली, आणि त्याच्याकडं वाकली.

"अक्का, माह्या नावानं काय पुकारलं?"

"हळू बोल," ती म्हणाली. "म्याच आणलं समदं. चार माणसांत तुहं नाव खाली पडू नाय म्हणून."

"आन् मी काय रिकाम्या हातानं आलो काय? नाव खाली पडलं कव्हा होतं?"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीमागं भोंगा सुरूच होता, कुणाच्या तरी ताटवाटीचा पुकारा चालला होता.

"तुह्या औषधाचे पैसे मी अंगावर नेसू का रे?"

सुदर्शनची जीभ टाळूला चिकटली, तहानेनं आणि रागानंही. आपलेच दात, आपलेच ओठ. माइकवर जाऊन हा आहेर माझा नव्हे म्हणावं, तर अक्कानं स्वतःच्या पैशानं स्वतःलाच आहेर केला हे गावभर होईल आणि भर लग्नात तिचं हसं होईल. गप्प बसावं, तर इतक्या वर्षांचं पाकीट गपचूप पिशवीतून हर्सूलला परत न्यावं लागेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेव्हा प्रेरणा बोलली. ती फारसा आवाज न चढवता म्हणाली, "अक्का, यात औषधाचा पैसा नाही. दिवाळीत, लग्नसराईत, एरवीही महिन्याचे काही दिवस मी दुकान बंद होईपर्यंत उभी राहते ना, त्याचा आहे."

अक्का तिच्याकडं बघतच राहिली. आणि खरं सांगायचं तर सुदर्शनही बघतच राहिला. पाकिटात दर महिन्याला जे काही जाई ते प्रेरणाच्या जादा कामाचं असे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पाकिटं तर तोच भरत होता. पण इतक्या वर्षांत त्यानं मनातल्या मनात तो भोंगा कितीतरी वेळा ऐकला होता आणि दर वेळी त्यावर एकच नाव होतं. त्याचं.

त्यानं खुर्ची वळवली आणि माइकपाशी नेली. आहेर पुकारायला गावातला पुंडलिक बसला होता, घसा बसलेला, हातात पानाचा विडा. एक आहेर राहिलाय, असं सुदर्शननं सांगितलं.

पुंडलिकनं माइकवर हात ठेवला. "मामा, तुमचा झाला ना. एकाच माणसाचा दोनदा कसा पुकारू? लोक हसतील."

"माह्या नावानं नको. प्रेरणा शेजूळ म्हण. मुलीची मामी."

पुंडलिक घुटमळला. बाईच्या नावानं पुकारायची तिथं चाल नव्हती. बायांचा आहेर नवऱ्याच्या नावातच जिरून जाई. त्यानं दाजींकडं बघितलं, दाजींनी दुसरीकडं बघितलं.

"बाईच्या नावानं?"

"तिनं कमावलंय, तिच्या नावानं."

आणि भोंग्यावरून प्रेरणा सुदर्शन शेजूळ यांचं नाव गावभर गेलं. हर्सूलच्या मामी यांच्याकडून मुलीला पिवळी साडी, आईला साडी, वडिलांना पोशाख. मांडवातल्या बायकांनी माना वळवल्या. एकाच घरचा दोनदा आहेर त्या गावानं कधी ऐकला नव्हता, आणि मामाचं घर जोरात दिसतंय, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालंही. ज्याच्या दारावरून वर्गणीवाले पुढं जात, त्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. अक्काला आता पदर पुढं करून आहेर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माइकवर पुकारलेलं परत करता येत नाही. ते काही गव्हाचं पोतं नव्हे.

सुदर्शनला वाटलं, प्रेरणा खूश होईल. ती खुर्चीपाशी आली ती धुसफुसतच. मला विचारायचं तरी होतं, असं म्हणाली. अख्ख्या गावासमोर नाव घ्यायचं आणि विचारायचं नाही, तुम्ही आणि अक्का एकाच आईची लेकरं शोभता. ती बोलली त्यात चूक काहीच नव्हती.

सायली लग्नाला उभी राहिली ती अक्कानं आणलेल्याच साडीत. ती आधीच नेसून झाली होती. मुलीला मामांनी घेऊन यावं, असं भटजींनी म्हटलं, तेव्हा एक लांबचा मामा लगबगीनं पुढं सरसावला. सायलीनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. ती सुदर्शनच्या खुर्चीच्या दांडीला धरून आली. पाठवणीच्या वेळी तिच्या अंगावर मामीची जरीच्या काठाची साडी होती. निघताना सुदर्शननं अक्काला तिनं आणलेल्या कपड्यांचे किती पैसे द्यायचे ते विचारलं, तर तिनं मान फिरवली आणि दाजी म्हणाले, बघू नंतर. झालं! येरे माझ्या मागल्या. परतीच्या वाटेवर खुलताबादपाशी प्रेरणानं दिलेलं पाणी तेवढं तो घटाघटा प्याला.

पंधरवड्यानं ओळखीच्या जीपवाल्याबरोबर गव्हाचं पोतं आलं.

सुदर्शननं ते बघताच कपाळावर हात मारला. यंदा तर भाऊबिजेच्या ओवाळणीबरोबर आहेराचीही किंमत आत असणार याची त्याला खात्री होती. जुनी चादर अंथरून प्रेरणानं पोतं उपडं केलं. कोपरापर्यंत हात घालून ढीग उलथापालथा केला. काही नाही. पोत्याची शिवण उसवून बघितली. काही नाही. सुदर्शननं तिला चाळणी घ्यायला लावली आणि खुर्चीवरून वाकून स्वतःच्या हातानं ओंजळ-ओंजळ गहू तपासला. गहूच होता, निव्वळ गहू, चांगला टपोरा. भाऊबिजेच्या नोटा अक्काकडंच राहिल्या होत्या.

अक्का रागावली तर नाही? मांडवात आपण जास्तच केलं का? त्यानं फोन लावला आणि गहू मिळाला एवढंच कसंबसं म्हणाला.

"पोचला ना? मंग पैसे टाक," अक्का म्हणाली.

"कशाचे?"

"गव्हाचे. आन् पोत्याचे येगळे. लगनात लई खर्च झालाय, फुकट वाटायला माह्याकडं नाय काही." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "परवडंल ना तुला?"

त्याच्या बहिणीनं त्याच्याकडं पैसे मागितले होते. पडल्यापासून पहिल्यांदा, सरळ, गिऱ्हाइकाकडं मागावे तसे. डोळे भरून आले ते त्यानं तारेनं काळ्या झालेल्या हातानं पुसले आणि घसा खाकरून भाव विचारला. अक्कानं भाव सांगितला.

"कन्नडच्या बाजारात याच्याहून कमी चाललाय," तो म्हणाला.

"मंग जा कन्नडच्या बाजारात."

पुढं बराच वेळ दोघं भांडली. अक्का एक पैसा सोडायला तयार नव्हती आणि सुदर्शन एक पैसा चढायला. चादरीवर बसून गहू भरणाऱ्या प्रेरणाला हसू आवरेना. शेवटी अक्कानं सांगितलेल्या दरानंच सौदा ठरला. फोन ठेवल्यावर सुदर्शननं डबा मागितला आणि किराण्याच्या पाकिटातून पैसे काढले. पोत्याचे मात्र त्यानं कापून घेतले. शिवण उसवलेलं पोतं होतं ते. त्याचे कसले पैसे?